एकाच नावाचे दोन सर्व्हर

सर्व्हर रूममध्ये सगळ्यात वाईट गोष्ट घडत असते तेव्हा आवाज होत नाही. पंखे फिरत असतात, हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि पडद्यावर एकही सूचना नसते. आग लागली तर धूर दिसतो, वीज गेली तर यूपीएस ओरडतो. माहिती नष्ट होत असताना मात्र खोलीत बसलेला माणूस चहा पीत असू शकतो. मी पीत होतो.

वाशीममध्ये मी आधी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातम्या लिहायचो. तिथेच संगणक हाताळायला शिकलो आणि पुढे तेच काम झाले. निवृत्तीपर्यंत सर्व्हर रूमच सांभाळली. ज्या सरकारी कार्यालयाबद्दल लिहीत आहे त्याचे नाव देत नाही. माणसांची नावे बदलली आहेत.

काम काय होते ते आधी सांगतो. सर्व्हर म्हणजे असा संगणक, ज्याच्याकडे बाकीचे संगणक माहिती मागतात. एकच सर्व्हर असेल तर सगळी माहिती त्याच्याच आतल्या डिस्कवर राहते. सर्व्हर वाढले की एकाची जागा संपते आणि दुसऱ्याची रिकामी पडून असते. म्हणून माहिती एका वेगळ्या पेटीत ठेवतात. तिच्यात डिस्क ओळीने बसवलेल्या असतात आणि नेटवर्कच्या केबलने ती सगळ्या सर्व्हरांना जोडलेली असते. कागदोपत्री तिला सामायिक स्टोरेज म्हणत. माझा सहकारी विठ्ठल तिला डब्बा म्हणायचा. तो रिसोडचा, हातात जादू असलेला माणूस. बंद पडलेले यंत्र त्याच्यापुढे ठेवले की तो आधी त्याला शिवी द्यायचा आणि मग ते चालू करायचा. त्याचेच नाव खोलीत रूढ झाले.

डब्ब्याचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग एका सर्व्हरला नेमून दिलेला असतो. त्यासाठी केबल जोडून भागत नाही. प्रत्येक सर्व्हरला या कामापुरते एक लांबलचक नाव असते. ते नाव डब्ब्याच्या यादीत नोंदवायचे आणि त्याच्यापुढे त्याचा भाग लिहायचा. नाव यादीत नसेल तर डब्बा त्या सर्व्हरला काहीही दाखवत नाही. नाव नोंदवले की काही क्षणांत सर्व्हरवर डिस्क दिसू लागते. डब्ब्याला यंत्र दिसत नाही, माणूस दिसत नाही. त्याला फक्त नाव कळते.

एका भागावर एकच सर्व्हर, हा या कामातला मुख्य नियम. कारण कोणती जागा भरलेली आणि कोणती रिकामी याचा नकाशा प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या डोक्यात ठेवतो. त्या भागावर आणखी कोणी असेल अशी त्याला शंकाही येत नाही. दोन सर्व्हर एकाच भागावर आले तर पहिल्याने आत्ताच भरलेली जागा दुसऱ्याच्या नकाशात अजून रिकामीच असते. तो तिथे स्वतःचे लिहितो. पहिल्याचे लिहिलेले पुसले जाते. दोघेही काम यशस्वी झाल्याचे कळवतात.

लोकांना मात्र भलत्याच गोष्टींची भीती वाटायची. एका दसऱ्याला कार्यालयातल्या मंडळींनी यंत्रांची पूजा केली. टेबलावरच्या संगणकांना हळदकुंकू लागले आणि डब्ब्याला मान मोठा म्हणून झेंडूचा जाड हार त्याच्या तोंडावरच बांधला. डब्बा हवा तिथूनच आत घेतो. तासाभरात तो तापला आणि कर्कश शिट्टी वाजू लागली. सगळे कार्यालय रस्त्यावर आले. नकला देण्याच्या खिडकीवर बसणाऱ्या नंदाताई चपला आतच सोडून पळाल्या होत्या. विठ्ठलने हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चला बाप्पा आत. देवाचा जीव घाबरा झाला व्हता, बस." त्या शिट्टीला लोक पुढे अनेक वर्षे घाबरत. माझ्या दृष्टीने ती चांगली बातमी होती. यंत्र ओरडत होते, म्हणजे आम्हाला सांगत होते.

आता त्या शुक्रवारचे.

कार्यालयात जुन्या वह्या स्कॅन करण्याचे काम चालू होते. त्यांत सत्तरच्या दशकातल्या जमीन वाटपाच्या वह्या होत्या. मोठ्या जमीनदारांकडून निघालेली जास्तीची जमीन त्या काळात भूमिहीनांना दिली गेली. कोणाला, कोणत्या गटात, किती, हे त्या वह्यांत होते. समोर सही किंवा अंगठा. स्कॅन झाल्यावर वह्यांचे गठ्ठे एका जुन्या गोदामात गेले. गोदामाचे पत्रे उडाले आणि पावसाळ्यानंतर तिथे कागदाचे ढेकूळ उरले. वाळवीने उरलेले संपवले. त्यामुळे डब्ब्यातली चित्रे हीच आता वही होती.

दुसरी प्रत टेपवर असायची. टेपचे यंत्र दुरुस्तीला नागपूरला गेले होते. शेवटची धड टेप होती ती केनवडकडच्या तीन गावांचे स्कॅनिंग होण्याच्या आधीची. हे मला माहीत होते. कार्यालयप्रमुख साहेबांना मी ते लेखी कळवले होते आणि कळवल्यावर माझे काम संपले असे मानले होते.

नकलांच्या खिडकीवर गर्दी वाढल्याने नवा सर्व्हर आला होता. त्याला डब्ब्यात नवा भाग नेमून द्यायचा होता. सगळे पहिल्यापासून बसवायचे तर दोन दिवस लागले असते. विठ्ठलने जुन्या सर्व्हरच्या आतल्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्यावर उतरवली. यात गैर काही नव्हते, सगळेच असे करत. प्रत उतरवली की नव्याचे नाव बदलायचे आणि नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा. विठ्ठलने दोन्ही बदलले. डब्ब्यासाठीचे ते तिसरे, लांबलचक नाव जुनेच राहिले. ते तपासणे माझे काम होते.

सकाळी दहाच्या सुमारास नवा सर्व्हर सुरू झाला. डब्ब्याच्या यादीत त्याचे नाव नोंदवण्यासाठी मी खुर्ची पुढे ओढली, तेवढ्यात विठ्ठल म्हणाला, "सर, राहू द्या. डिस्क दिसून राह्यली ना."

मी पाहिले. नोंद करण्याआधीच डिस्क दिसत होती.

या ओळीशी मी आजही थांबतो. ज्याचे नाव यादीत नाही त्याला डब्बा काही दाखवत नाही, हे मी नव्या माणसांना शिकवत असे. तरी दिसते आहे, याचा अर्थ एकच होता. डब्ब्याने नव्या सर्व्हरला जुना समजून आत घेतले होते. तिथे उठून केबल काढायला हवी होती. मला वाटले, विठ्ठलने आधीच नोंद करून ठेवली असेल. विठ्ठलला वाटले, मी केली असेल. आम्ही एकमेकांना विचारले नाही. मी म्हणालो, "बरं झालं. काम वाचलं." आणि चहा मागवला.

जुना सर्व्हर दर शुक्रवारी जागा आवरायचा. फायलींचे विखुरलेले तुकडे उचलून मोकळ्या जागेत एकत्र ठेवायचा. नव्या सर्व्हरला पहिले काम दिले होते प्रत्येक पानाचे एक लहान चित्र तयार करण्याचे, म्हणजे खिडकीवर पान लवकर शोधता येईल. जुना ज्या जागेत वाटपाची पाने हलवत होता, ती जागा नव्याच्या नकाशात मोकळी होती. तो तिथे लहान चित्रे लिहीत होता. दोन तास.

बाराच्या थोडे आधी गंगाराम खिल्लारे खिडकीवर आले. केनवडजवळच्या एका गावचे, साठीच्या पुढचे, धुवट पांढरा सदरा. त्यांची ही पाचवी खेप होती. पहिल्या वेळी अर्जावर गट नंबर नव्हता, नंतर वडिलांच्या नावात फरक निघाला, नंतर दोन वेळा साहेब दौऱ्यावर. नंदाताई त्यांना ओळखत होत्या.

"जय भीम, ताई. आज तं द्याच. सोमवारी तारीख हाये."

शेजारच्या शेतकऱ्याने त्यांच्या जमिनीवर हक्क सांगितला होता. ती वाटपात मिळालेली आहे याचा पुरावा सोमवारच्या सुनावणीत द्यायचा होता. नंतरच्या काळातला सात-बारा त्यांच्या नावाचा होता, पण पलीकडची बाजू म्हणत होती की त्याचे मूळच खोटे आहे. मूळ म्हणजे ती वही.

"आज देते, काका. सही झाली की लगेच," नंदाताई म्हणाल्या आणि पान उघडले. मग त्यांनी मला हाक मारली. हाक साधी होती. "सर, जरा पाहता का? पान अर्धंच येतंय."

पडद्यावर पानाचा वरचा अर्धा भाग नीट होता. गावाचे नाव, रकाने, बोरूने लिहावे तशा जाड अक्षरातली पहिली चार नावे. मध्यावर एक सरळ रेघ, आणि तिच्याखाली करड्या रंगाचे पट्टे. पट्ट्यांमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी पानाची लहान लहान चित्रे होती.

"माह्या बापाचं नाव खाल्लाकडं हाये," गंगाराम खिडकीतून वाकून म्हणाले. "सातवं. मी उभा व्हतो ना तिथी. चावडीपुढं टेबल मांडलं व्हतं. माहा बाप अंगठा द्याले भेला, म्हणे, कायच्यावर देऊन राह्यलो मी? तलाठी म्हणे, अरे, जमिनीवर दे! सारे हासले. खाल्लाकडं घ्या ना, ताई."

नंदाताईंनी पुढचे पान उघडायला घेतले. ते उघडलेच नाही. त्यापुढचे उघडले, पूर्ण करडे. मी मागे उभा होतो. डोक्यात सकाळची ती ओळ आली. नोंद करण्याआधीच डिस्क दिसत होती.

सर्व्हर रूमपर्यंत वीस पावले आहेत. मी पळालो नाही, कारण पळताना पाहून लोकांनी विचारले असते. विठ्ठल आत होता.

"विठ्ठल, डब्ब्यात नव्याची नोंद तू केलीस?"

"म्या नाई. तुमीच केली ना?"

काय झाले ते त्याला उमगताना मी पाहिले. तो बटणाकडे वळला. मी ओरडलो, "बंद करू नको!" सर्व्हर रीतसर बंद केला तर बंद होताना डोक्यात धरलेले उरलेसुरले सगळे तो डिस्कवर लिहून टाकतो. प्रत्येक सेकंदाला पाने जात होती आणि साध्या बंद करण्याने एकदम जास्त गेली असती. केबलच उपटायची होती. दोघांचीही.

दारात साहेब आले. नंदाताईंनी त्यांना कळवले होते. "काय चाललंय? काही थांबवू नका हं. बाहेर चाळीस माणसं उभी आहेत."

मी परवानगी मागितली नाही. जुन्याची केबल मी ओढली, नव्याची विठ्ठलने. बाहेर खिडकीवर एकदम कलकलाट झाला. आत काहीच बदलले नव्हते. तेच पंखे, तेच हिरवे दिवे.

"आता सांगा," साहेब म्हणाले.

मी सांगितले. पहिल्या वाक्यात काय गेले, दुसऱ्यात का गेले, तिसऱ्यात चूक कोणाची. विठ्ठल मध्ये बोलू लागला तेव्हा त्याला थांबवले. साहेब खुर्चीवर बसले. त्यांनी विचारले ते एवढेच, "हे किती जणांना माहीत आहे?"

त्या प्रश्नाची भीती मला करड्या पट्ट्यांपेक्षा जास्त वाटली.

दुपारभर आम्ही डब्ब्याचा तो भाग फक्त वाचता येईल असा करून एकेक गाव तपासले. जुनी, न हललेली पाने शाबूत होती. शुक्रवारच्या आवराआवरीत जी हलली होती ती गेली होती. त्यांत केनवडकडची तीन गावे होती, सगळ्यात शेवटी स्कॅन झाल्याने त्यांचेच तुकडे सगळ्यात जास्त विखुरलेले होते. विठ्ठल शिवी देत नव्हता. असे काम करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिले.

गंगाराम बाकावर बसून होते. जेवायला गेले नव्हते. मी पाणी प्यायला बाहेर गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "सरजी, मशीन बिघडली का कागद बिघडला?"

"बघतोय," म्हणालो.

"बघा. मशीन बिघडली तं मी बसतो संध्याकाळपर्यंत. कागद बिघडला तं तसं सांगा. मले घरी जाऊन पोरांले सांगा लागते."

नंदाताई जेवणाचा डबा न उघडता शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पण मी तर यांचं पान मागच्या खेपेला पाहिलं होतं. पूर्ण पाहिलं होतं. नाव जुळवायला मोठं करून बघितलं."

खिडकीवरून पान उघडले की सर्व्हर त्याची एक तात्पुरती प्रत स्वतःच्या आतल्या डिस्कवर ठेवत असे, म्हणजे लगेच पुन्हा मागितले तर डब्ब्याकडे जावे लागू नये. दिवस उलटला की सर्व्हर पान पुन्हा डब्ब्याकडूनच मागवतो, पण जुनी प्रत तिथेच पडून राहते आणि पुढे केव्हातरी आपोआप पुसली जाते. कधी, याची आम्ही कधी फिकीर केली नव्हती. मी विठ्ठलकडे गेलो. केबल काढलेला जुना सर्व्हर अजून चालू होता, त्याच्या आतल्या डिस्कला काही झाले नव्हते. विठ्ठलने तात्पुरत्या फायली उघडल्या. नावे नसलेली, आकडेच आकडे असलेली चित्रे. तो एकेक उघडत गेला. तिसऱ्या ओळीत तो थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, मोजा."

मी वरून मोजले. सातवे नाव. समोर अंगठा, शाई जरा फाकलेली.

गंगारामांना चार वेळा परत पाठवले गेले नसते, तर ते पान उरले नसते. याबद्दल कार्यालयाला श्रेय देता येत नाही, पण जे घडले ते असे घडले.

साहेबांनी प्रत पाहिली, नंदाताईंना मागच्या खेपेचे पान हेच का ते विचारले आणि नकलेवर सही केली. चित्र कार्यालयाच्याच वहीचे होते. ते कुठल्या फोल्डरमधून आले हे नकलेवर लिहायची जागा नव्हती. गंगारामांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, घडी घालू की नको असा विचार केला आणि शेवटी न घालता पिशवीत उभा ठेवला.

"पोराच्या नोकरीच्या कागदालेबी इतकं भेव नव्हतं वाटलं," ते म्हणाले.

सुनावणीत ती नक्कल मान्य झाली. हे मला त्यांच्याकडूनच कळले, कारण महिन्याभराने ते पुन्हा आले. सोबत त्यांच्याच वयाचा एक माणूस होता, उंच, कानात बाळी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"हा किसन," गंगारामांनी ओळख करून दिली. "माह्या बांधाले बांध हाये याचा. त्याच माणसानं आता याच्यावर केस लावली. याच्याबी बापाचं काढून द्या. एकाच दिवशी अंगठे झाले व्हते दोघांचे. माह्या बापाचं पान भरलं, अन् याच्या बापाचं पलीकडच्या पानावर पह्यलं नाव."

तोवर तीन गावांचे काय करायचे हे ठरले होते. आम्ही एका तज्ज्ञाकडून काही पाने परत मिळवली होती. जी मिळाली नाहीत त्यांच्यासाठी साहेबांनी एक मसुदा मंजूर केला होता. छापील चिठ्ठी, तीन शब्दांची: नोंद आढळत नाही. मी वेगळा मसुदा दिला होता, त्यात "तांत्रिक चुकीमुळे नष्ट" असे होते. तो साहेबांच्या टेबलावरून परत आला नाही. मी पुन्हा दिला नाही.

नंदाताईंनी पलीकडचे पान शोधले, ते न मिळालेल्यांतले निघाले आणि त्यांनी चिठ्ठी खिडकीतून सरकवली. किसन यांना वाचता येत नव्हते. गंगारामांनी वाचून दाखवली.

"आढळत नाही म्हंजे?" किसन म्हणाले. "माहा बाप व्हता ना तिथी. हा सांगते ना."

"म्हंजे मुदलात नोंद झालीच नाई, असं म्हणतीन ते कोर्टात," गंगाराम म्हणाले. त्यांनी मागे पाहिले. मी दारात उभा होतो. "सरजी, तुमी या. खरं सांगा. पान व्हतं का नव्हतं?"

मी त्यांना व्हरांड्यात नेले. तिथे सांगितले. पान होते. आमच्या चुकीने गेले. त्या दिवशी मी सकाळी एक गोष्ट पाहिली आणि तिच्यामागे गेलो नाही, म्हणून गेले.

दोघांनी ऐकून घेतले. किसन यांना राग आला असेल तर तो चेहऱ्यावर दिसला नाही. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली, कोरी बाजू वर करून.

"मंग हेच याच्यावर लेहून द्या. तुमच्या अक्षरात. खाली सही करा. बस, दुसरं काई नाई पायजे."

खिशात पेन होते. आत साहेबांच्या केबिनचे दार उघडे होते. माझ्या निवृत्तीला सहा वर्षे होती आणि घरी कर्त्या वयाचे कोणी नव्हते. मी ते सगळे त्या दोघांना सांगितले नाही. म्हणालो, "तसं लिहून देता येत नाही."

"काहून?"

मी केबिनच्या उघड्या दाराकडे पाहिले.

गंगारामांनी चिठ्ठी किसन यांच्या हातातून घेतली. "चाल," ते म्हणाले, "केनवडची गाडी निघून जाईन." पायऱ्या उतरताना किसन यांनी त्यांना विचारलेले मला ऐकू आले, "तुह्यं कसं काय निंगालं मंग?"

"मले चार खेपा वापस पाठोलं व्हतं," गंगाराम म्हणाले. "तू एकाच खेपेले आला."